घरी बर्बनचं ब्लाइंड टेस्टिंग: आठ जण, तीन बाटल्या, चार ग्लास

बर्बन ही मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की. बर्बनची तुलना करायला मित्र जमतात तेव्हा निकाल बहुधा बाटली उघडण्याआधीच लागलेला असतो. कोणती महाग, कोणती ड्यूटी फ्रीमधून आली, कोणाच्या बुचावर लाल मेण आहे, हे दिसलं की जीभ त्याच बाजूला झुकते. म्हणून बाटल्या झाकायच्या. पण नुसतं झाकून काम होत नाही. झाकून चाखल्यावरही प्रत्येकजण पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक लावतोच, आणि तो क्रमांक खऱ्या फरकावरून लागला की अंदाजाने, हे कळायला मार्ग राहत नाही.

त्यावर एकच साधा उपाय आहे: तीन बाटल्या घ्या, ग्लास चार मांडा आणि एकच बर्बन दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवा. हे जुळे ग्लास म्हणजे त्या संध्याकाळचं मोजमाप. एकाच बाटलीतल्या दोन ग्लासांना मंडळींनी किती वेगळे क्रमांक दिले, त्यावरून बाकीच्या क्रमांकांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरतं. जुळी नसलेल्या टेस्टिंगचा निकाल आम्ही गंभीरपणे घेत नाही.

खालची सगळी मापं आठ जणांसाठी आहेत. चार जण असाल तर निम्मी करा. सहा जण क्रमाच्या तक्त्यात नीट बसत नाहीत, म्हणून चार किंवा आठच बोलवा.

कोणत्या बाटल्या घ्यायच्या

बर्बनचे नियम अमेरिकेच्या कायद्यात पक्के लिहिलेले आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका, आतून जाळलेली ओकची कोरी पिंपं, पिंपात भरताना जास्तीत जास्त ६२.५ टक्के अल्कोहोल, बाटलीत किमान ४० टक्के. रंग किंवा स्वाद वरून घालायला बंदी. लेबलवर ‘स्ट्रेट’ लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं पिंपात. ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ हा शिक्का १८९७ च्या कायद्याचा: एकाच डिस्टिलरीचं, एकाच हंगामातलं, किमान चार वर्षं मुरलेलं आणि नेमकं ५० टक्के.

म्हणजे सगळ्या बर्बनचा पाया सारखाच. फरक पडतो तो मक्याशिवायच्या धान्याने, यीस्टने, वयाने आणि तीव्रतेने. टेस्टिंगसाठी बाटल्या निवडताना धान्याचा फरक मोठा ठेवा, कारण तोच नवशिक्यालाही सापडू शकतो. मेकर्स मार्कमध्ये राय (गव्हासारखं, पण तिखटसर चवीचं धान्य) नाहीच, ७० टक्के मक्यासोबत १६ टक्के गहू आणि १४ टक्के माल्टेड (मोड आणून वाळवलेली) बार्ली आहे, त्यामुळे ती गोडसर आणि मऊ लागते. वुडफर्ड रिझर्व्हमध्ये राय १८ टक्के. बुलेटमध्ये तब्बल २८ टक्के, त्यामुळे मिरीसारखा झणका येतो. वाइल्ड टर्की १०१ मध्ये राय १३ टक्केच, पण अल्कोहोल ५०.५ टक्के आणि पिंपं खूप खोलवर जाळलेली.

इंदूरमध्ये पहिल्यांदा करत असाल तर जिम बीम व्हाइट, मेकर्स मार्क आणि वुडफर्ड रिझर्व्ह हे त्रिकूट चांगलं. त्यात स्वस्त, मध्यम आणि महाग तिन्ही आले, आणि गहू विरुद्ध राय हाही सामना होतो. जॅक डॅनियल्स अनेकांना यात हवी असते. ती टेनेसी व्हिस्की. पिंपात भरण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळलेली. ती ठेवायला हरकत नाही, पण मग संध्याकाळचा प्रश्न बदलतो हे आधीच ठरवून घ्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं, पण राज्याचा कर वेगळा लागतोच. परवानाधारक दुकानातूनच घ्या, बूच आणि सील नीट पाहा. मध्य प्रदेशात वयाची अट २१ ची आहे, आणि घरात किती बाटल्या ठेवता येतात याची मर्यादा आबकारी विभाग ठरवतो. ती चालू वर्षाची पाहून घ्या. बडोद्याचे मित्र येणार असतील तर त्यांनी रिकाम्या हाताने यावं आणि परत जातानाही उरलेली बाटली सोबत नेऊ नये. गुजरातेत दारूबंदी आहे. उज्जैन आणि ओंकारेश्वरमध्येही १ एप्रिल २०२५ पासून विक्री बंद आहे, त्यामुळे ‘वाटेत घेऊ’ हा बेत धरू नका.

तिन्ही बाटल्या एकाच आठवड्यात उघडलेल्या हव्यात. सहा महिने अर्धी पडून राहिलेली बाटली आणि आज बूच काढलेली बाटली यांची तुलना म्हणजे बर्बनची तुलना नव्हे, हवा किती लागली याची तुलना. उत्तम म्हणजे दोन दिवस आधी तिन्ही उघडून प्रत्येकीतून थोडी काढायची आणि बूच परत लावायचं. नव्या बाटलीतून काढलेल्या पहिल्या घोटाला वास जरा आवळलेला येतो.

दिवस आणि खोली

दिवस ठरवताना कॅलेंडर उघडून बसा. श्रावण, संकष्टी, कुणाचा गुरुवार, कुणाचा सोमवार, शिवाय ड्राय डे. आठातले दोघं ऐनवेळी ‘आज नाही’ म्हणाले की क्रमाचा तक्ताच मोडतो. म्हणून तारीख पंधरा दिवस आधी पक्की करा आणि एक राखीव गडी सांगून ठेवा.

बर्बनचं तापमान २० ते २४ अंश असावं. मे महिन्यात इंदूरमधल्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवलेली बाटली सहज ३५ च्या वर जाते. तेवढ्या गरम द्रवातून अल्कोहोल सरळ नाकात शिरतं आणि बाकी काही कळत नाही. उन्हाळ्यात बाटल्या दुपारपासून एसीच्या खोलीत ठेवा. डिसेंबरात उलट होतं: रात्री गारठा पडला की वास दबतो, तेव्हा बाटल्या गच्चीवरच्या खोलीत नको, बैठकीतच ठेवा. फ्रीज आणि बर्फ दोन्ही वर्ज्य.

पंखा डोक्यावर नको, ग्लासातला वास उडून जातो. खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, अत्तर, गजरा यांपैकी काहीही नको. देवासमोरची संध्याकाळची उदबत्ती लागायचीच असेल तर टेस्टिंग दुसऱ्या खोलीत, दार लावून करा. स्वयंपाकघरात त्या वेळी हिंगाची फोडणी पडली तर अर्धा तास वाया गेला असं समजा.

जेवण दीड तास आधी, साधं: वरण-भात, दही, पोळी. शेव, विशेषतः लौंग शेव, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), लोणचं, कच्चा कांदा, पान, बडीशेप हे सगळं नंतर. लवंग आणि मिरीची चव जिभेवर असली की राय असलेलं बर्बन आणि गव्हाचं बर्बन यांतला फरक पुसला जातो, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं जातं. मधल्या वेळात तोंड साफ करायला मीठ नसलेले मुरमुरे किंवा पावाचे साधे तुकडे पुरतात.

ग्लास, माप, पाणी

आठ जण आणि प्रत्येकी चार म्हणजे बत्तीस एकसारखे ग्लास. ग्लेनकेर्न (व्हिस्की चाखायचे खास ग्लास) कुणाच्या घरी बत्तीस नसतात. तोंडाशी थोडा आत वळलेला, दीडशे ते दोनशे मिलीचा लहान वाइन ग्लास चालतो. केटररकडून किंवा टेंट हाऊसमधून भाड्याने मिळतो. घ्यायच्या आधी दोन-चार ग्लास नाकाशी धरून पाहा. साबणाचा, ओल्या फडक्याचा किंवा लाकडी पेटीचा वास येत असेल तर सगळे गरम पाण्यात, साबणाशिवाय, दोनदा विसळून उपडे न ठेवता वाळवा. स्टीलच्या वाट्या, कागदी कप, प्लास्टिकचे ग्लास नकोत. कागदी कपाचा ओला पुठ्ठ्याचा वास पहिल्या मिनिटाला बर्बनवर चढतो.

ग्लास कमी असतील तर लोक एकेक नमुना विसळून देतात. त्यात मागे वळून पुन्हा वास घेता येत नाही आणि आठवणीवर क्रमांक लागतात. त्यापेक्षा चारच जण बसवा.

मोजायला बारचं मेजर नको, १५ मिली त्यात नीट मोजता येत नाही. औषधाच्या दुकानातून २० मिलीची बिनसुईची सिरिंज आणा. १५ मिली हे माप वास आणि तीन-चार घोट यांना पुरेसं आहे, आणि चार ग्लास मिळून ६० मिली, म्हणजे एक लार्ज होतो. त्याहून जास्त ओतलं तर तिसऱ्या ग्लासापर्यंत जीभ बधिर होते.

पाणी तीन कामांना लागतं: तीव्रता कमी करायला, मध्ये चूळ भरायला आणि शेवटी थेंब टाकायला. तिन्हीला एकच पाणी वापरा. नर्मदेच्या नळाला क्लोरीनचा वास असतो, बोअरचं पाणी जड असतं. आरओचं किंवा बाटलीबंद पाणी घ्या.

तीव्रता सारखी करा

इथे लोक कंटाळा करतात आणि मग निकाल फसतो. ४५ टक्क्यांचं बर्बन ४० टक्क्यांच्या शेजारी ठेवलं की ते जास्त भरीव, जास्त चवदार वाटतं. मग जिंकतं ते अल्कोहोल. ‘दुकानात जशी मिळते तशी कोणती आवडते’ हाच प्रश्न असेल तर पाणी घालू नका. पण ‘कोणती अधिक चांगली बनवली आहे’ हे पाहायचं असेल तर तिन्ही सगळ्यांत कमी टक्केवारीवर आणा.

लेबल वाचा, आठवणीवर जाऊ नका. एकाच ब्रँडची टक्केवारी देशागणिक बदलते. वुडफर्ड अमेरिकेत ४५.२ आहे, निर्यातीच्या बाटलीवर ४३.२ दिसतं. हिशेब सोपा आहे: हवं असलेलं माप गुणिले कमी टक्केवारी, भागिले बाटलीवरची टक्केवारी, एवढं बर्बन, उरलेलं पाणी. आठ जणांना १५ मिलीप्रमाणे १२० मिली लागतं, सांडलवंड धरून १३५ करा. ४० टक्क्यांवर १३५ मिली हवं असेल तर:

- ४५ टक्क्यांचं: १२० मिली बर्बन, १५ मिली पाणी
- ४३.२ टक्क्यांचं: १२५ मिली बर्बन, १० मिली पाणी
- ५०.५ टक्क्यांचं: १०७ मिली बर्बन, २८ मिली पाणी
- ४० टक्क्यांचं: १३५ मिली, पाणी नाही

हे मिश्रण निदान दोन तास आधी करून झाकून ठेवा. लगेच ओतलं तर वास विस्कटलेला येतो. थंड करून न गाळलेलं, जास्त टक्क्यांचं बर्बन पाणी घातल्यावर किंचित ढगाळ होऊ शकतं. त्यातले तेलकट एस्टर, म्हणजे वास देणारी द्रव्यं, पाण्यात विरघळून राहत नाहीत. ते खराब झालेलं नसतं, पण डोळ्यांना दिसतं आणि ओळख पटते. त्यासाठी खोलीतला दिवा मंद करून लाल झीरोचा बल्ब लावा. रंगाचा फरकही त्यात झाकला जातो. बर्बनमध्ये कॅरॅमल रंग नसल्यामुळे गडद रंग वय आणि पिंपाबद्दल खरंच काही सांगतो, म्हणून तो पाहायचाच. पण क्रमांक लिहून झाल्यावर.

कोणालाच कळू नये अशी मांडणी

बाटल्या ओतणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून काम दोघांत वाटा. पहिलं काम घरातल्या न पिणाऱ्या व्यक्तीकडे द्या. वहिनी, आई, भाचा, जे कोणी आनंदाने करतील ते.

१. पहिली व्यक्ती स्वयंपाकघरात एकटी. चार एकसारख्या काचेच्या बाटल्यांत चार मिश्रणं भरते. कोणतं बर्बन दोनदा भरायचं ते चिठ्ठी टाकून ठरवते. बाटल्यांना अ, ब, क, ड अशा चिकटपट्ट्या. कोणत्या अक्षरात काय आहे ते पहिल्या पाकिटात लिहून चिकटवते. मूळ बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप.

२. दुसरी व्यक्ती नंतर आत येते. अ, ब, क, ड ला तीन आकडी क्रमांक देते, उदाहरणार्थ ४८३, २१७, ६५०, ९०२. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक ते दुसऱ्या पाकिटात. ग्लासांच्या बुडाशी क्रमांकाचे स्टिकर लावून तीच ओतते. तिला आत काय आहे ते माहीत नसल्यामुळे ती स्वतः टेस्टिंगला बसू शकते.

३. ओतलेला प्रत्येक ग्लास बशीने झाकून दहा मिनिटं ठेवायचा.

‘१, २, ३, ४’ किंवा ‘अ, ब, क, ड’ असे क्रमांक ग्लासांवर नकोत. एक नंबरचा ग्लास नकळत पहिला वाटतो. ४८३ ला असा मान नसतो. बाटल्या स्वच्छ हव्यात. लोणच्याची बरणी, गुलाबपाण्याची बाटली कितीही धुतली तरी तिचा वास जात नाही.

मंडळींना काय सांगायचं? एवढंच: ‘चारांत दोन सारखे असतील किंवा नसतील.’ जुळी नक्की आहेत असं सांगितलं की सगळे चव सोडून जुळी शोधायला लागतात.

कोणी कोणत्या क्रमाने चाखायचं

पहिला ग्लास नेहमी थोडा जास्त गुण घेतो, कारण तोंड ताजं असतं. आणि गोड बर्बननंतर आलेलं तिखट बर्बन आहे त्याहून तिखट लागतं. आठही जणांनी एकाच क्रमाने चाखलं तर ही चूक आठपट होते. म्हणून चार वेगळे क्रम:

- पहिला आणि पाचवा: ४८३, २१७, ९०२, ६५०
- दुसरा आणि सहावा: २१७, ६५०, ४८३, ९०२
- तिसरा आणि सातवा: ६५०, ९०२, २१७, ४८३
- चौथा आणि आठवा: ९०२, ४८३, ६५०, २१७

यात प्रत्येक ग्लास प्रत्येक जागी सारख्याच वेळा येतो आणि प्रत्येक ग्लासाच्या पाठोपाठ दुसरा प्रत्येक ग्लास सारख्याच वेळा येतो. तक्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या समोर ठेवा आणि ग्लास डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने मांडा.

नाक आणि जीभ

बशी काढा. ग्लास वाइनसारखा गरगरा फिरवू नका, अल्कोहोलची वाफ वर येऊन नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीशी आणा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि छोटे, तोकडे श्वास घ्या. मग हळूहळू नाकाजवळ. खोल श्वास एकदाही नको. चारही ग्लासांचा वास आधी, चव नंतर. वास घेऊन झाल्यावर कच्चा क्रमांक पेन्सिलने लिहून ठेवा.

पहिला घोट दोन-तीन मिलीचा, फक्त जिभेला ओळख करून द्यायला. त्यावरून काही ठरवायचं नाही, कारण त्यात जळजळच जास्त कळते. दुसरा घोट आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा: जिभेचं टोक, कडा, टाळू. मग गिळा किंवा थुंका. थुंकण्यासाठी प्रत्येकाला एक उंच स्टीलचा पेला द्या; आत दिसत नाही, त्यामुळे कोणाला संकोच होत नाही. गिळल्यावर तीस सेकंद गप्प राहून चव कशी बदलते ते पाहा. चांगल्या बर्बनची चव उतरताना बदलत जाते. साधं बर्बन एकदम संपतं, नाहीतर नुसता कडवट लाकडी चटका मागे ठेवतं.

दोन ग्लासांमध्ये दीड मिनिट, एक घोट पाणी, दोन मुरमुरे. चारही झाल्यावर प्रत्येक ग्लासात तीन-चार थेंब पाणी टाकून पुन्हा वास घ्या. काही बर्बन पाण्याने खुलतात, काही विरतात. अंतिम क्रमांक त्यानंतर, पेनने.

हे सगळं होईपर्यंत, साधारण पंचवीस मिनिटं, कोणी बोलायचं नाही. हा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्यानेच होतं. एकाने ‘केळं!’ म्हटलं की पुढच्या क्षणी सातही जणांना केळं येतं. हुंकार, भुवया उंचावणं, ‘अरे वा’ हेसुद्धा बोलण्यातच धरा.

वासांना नाव कसं द्यायचं

परदेशी टेस्टिंग नोट्समध्ये जे शब्द असतात त्यातले निम्मे पदार्थ आपल्या घरात कधी आलेले नसतात. ते पाठ करून वापरू नका. त्याऐवजी ताटात सात लहान वाट्या, झाकण लावून, ठेवा: किसलेलं सुकं खोबरं, दोन लवंगा ठेचून, किसलेलं जायफळ, गूळ, भाजलेले शेंगदाणे, तव्यावर भाजलेले मक्याचे दाणे आणि पाण्यात दोन थेंब व्हॅनिला इसेन्स.

या वाट्या उगाच निवडलेल्या नाहीत. ओकचं लाकूड जळताना व्हॅनिलिन तयार होतं, व्हॅनिला तिथून येतो. ओकमधली लॅक्टोन नावाची द्रव्यं खोबऱ्यासारखा वास देतात. लवंगेचा वास देणारं युजेनॉल लवंगेत असतं आणि ओकमध्येही. जाळलेल्या लाकडातली साखर गूळ-चिक्कीच्या बाजूला जाते. भाजलेला शेंगदाणा जिम बीममध्ये अनेकांना सापडतो. भुट्ट्याचा कीस ज्या जिभेने लहानपणापासून खाल्ला आहे तिला बर्बनमधला मका ओळखायला अवघड जात नाही. कमी वयाच्या बर्बनमध्ये तो सरळ समोर येतो. नेलपॉलिशसारखा वास आला तर तो इथाइल ॲसिटेटचा. थोडा असेल तर उभारी देतो, जास्त असेल तर दोष. पिकलेलं केळं हेही यीस्टने तयार केलेलं एस्टर.

वाट्यांचा वास टेस्टिंगच्या आधी एकदा घ्या आणि ताट खोलीबाहेर न्या. मधेच पुन्हा हुंगलं तर लवंग नाकात बसते. कागदावर प्रत्येक ग्लासापुढे फक्त दोन शब्द लिहायचे, जास्त नाहीत. दोनच शब्दांची मुभा असली की माणूस खरंच जे आलं तेच लिहितो.

निकाल वाचायचा कसा

शंभरपैकी गुण देऊ नका. एकजण सगळ्यांना ८५ ते ९० देतो, दुसरा ४० ते ९०, आणि सरासरीत दुसऱ्याचंच मत चालतं. त्याऐवजी १ ते ४ क्रमांक, बरोबरी नाही. प्रत्येक ग्लासाला मिळालेल्या क्रमांकांची बेरीज करा. आठ जण असतील तर चारही बेरजा मिळून ८० व्हायला हव्यात; नसतील तर कोणीतरी चुकीचं लिहिलंय. बेरीज जितकी कमी तितका ग्लास आवडता. सगळं अंदाजाने झालं असतं तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २० आले असते.

समजा बेरजा अशा आल्या: ४८३ ला १४, २१७ ला १९, ६५० ला २१, ९०२ ला २६. आठ जण आणि चार ग्लास असताना दोन बेरजांमध्ये १० पेक्षा जास्त अंतर असेल तरच तो फरक योगायोगापलीकडचा मानावा. म्हणजे इथे ४८३ हा ९०२ पेक्षा खरंच जास्त आवडला, १२ चं अंतर आहे. बाकी कोणत्याही जोडीबद्दल ठाम बोलता येत नाही, पहिला आणि दुसरा यांच्याबद्दलसुद्धा नाही.

आता दुसरं पाकीट उघडा, मग पहिलं. जुळी २१७ आणि ६५० निघाली तर छान: एकाच बर्बनला १९ आणि २१ मिळाले, मंडळींची जीभ स्थिर आहे. पण जुळी ४८३ आणि ६५० निघाली तर? एकाच द्रवाला १४ आणि २१. म्हणजे सात अंकांची चूक नुसत्या अंदाजाने होतेय, आणि मग १४ आणि १९ मधल्या पाचाच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एकेकाचा कागदही पाहा, पण जपून. एखाद्याने जुळ्यांना पाठोपाठचे क्रमांक दिले म्हणून त्याला उस्ताद ठरवू नका. डोळे मिटून क्रमांक लावले तरी दोनातून एकदा असं होतं. उलट एखाद्याने जुळ्यांपैकी एकाला पहिला आणि दुसऱ्याला चौथा दिला असेल तर त्या संध्याकाळी त्याची यादी बाजूला ठेवणंच योग्य. सर्दी असेल, दुपारी तिखट खाल्लं असेल, कारण काहीही असू शकतं.

दोघांत खरा फरक आहे का, ते पाहायचं असेल तर

पहिले दोन जवळजवळ आले आणि मंडळी हट्टाला पेटली, तर त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकाला तीन ग्लास, १० मिली प्रत्येकी. त्यात दोन एक आणि एक वेगळा. प्रश्न एकच: वेगळा कोणता? आवडीचा प्रश्न विचारायचाच नाही. मांडणीचे सहा प्रकार होतात: ४४२, ४२४, २४४, २२४, २४२, ४२२ (४ म्हणजे ४८३, २ म्हणजे २१७). आठ जणांत हे सहा आणि त्यातले कोणतेही दोन, पण एक पहिल्या तिघांतला आणि एक दुसऱ्या तिघांतला, पुन्हा वापरा. म्हणजे दोन्ही बर्बन प्रत्येकी १२० मिली लागतं. ग्लासांवर नवे तीन आकडी क्रमांक टाका.

नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. आठांपैकी सहा जणांनी बरोबर ओळखलं तर फरक खरा आहे असं म्हणता येतं. एवढे बरोबर येण्याची योगायोगाने शक्यता दोन टक्केच. पाच आले तर ती नऊ टक्क्यांवर जाते, तेवढ्यावर पैज लावू नका. सहाच जण असतील तर पाच बरोबर यायला हवेत.

ही फेरी धरून प्रत्येकी एकूण ९० मिली झालं, म्हणजे दीड लार्ज. दुसऱ्या फेरीत थुंकायचंच, असं ठरवलं तर चाचणीही जास्त विश्वासाची होते. आणि शक्य असेल तर ती पुढच्या शनिवारी ठेवा, त्याच रात्री नको.

नंतर

पाकिटं उघडल्यावर लाल बल्ब बंद करा, मोठा दिवा लावा, रंग पाहा, बाटल्या समोर आणा आणि मग हवं तेवढं बोला. आता सराफ्याला (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) जायचं, गराडू (तळलेला कंद) खायचे तर खुशाल जा, पण कॅब करून. गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे आणि एका लार्जमध्येही ती रेषा ओलांडली जाऊ शकते.

उरलेलं बर्बन बाटलीत तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल तर ते लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून अंधाऱ्या, गार जागी ठेवा. मोठ्या बाटलीत राहिलं तर दोन-तीन महिन्यांत वास फिका पडतो. बाटली उभीच ठेवायची, आडवी नाही. कडक दारूने बूच खराब होतं. पाणी घातलेलं मिश्रण उरलं असेल तर ते मूळ बाटलीत परत ओतू नका, त्याच आठवड्यात संपवा. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला देण्याआधी लेबल ओरखडून टाका आणि बूच वेगळं करा, कारण महागड्या ब्रँडच्या अख्ख्या बाटल्या बनावट माल भरायला वापरल्या जातात. आठही जणांचे कागद मात्र एका फायलीत ठेवा, कोणत्या तारखेला कोणती बाटली आणि लेबलवर किती टक्के ते वर लिहून. पुढच्या वेळी जुळ्यांसाठी कोणती बाटली निवडायची ते त्यावरूनच ठरेल.